वाजणारे मणी

भास्कर, माशांना ऐकू येतं की नाही, हे आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलास. तेरा वर्षं चालवलेलं भांडण असं मध्येच सोडून कोणी जातं का? आता उत्तर द्यायला समोर तू नाहीस, म्हणजे मी जिंकलो असं धरायला हरकत नाही, पण त्यात काही राम नाही. तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. मी सराफ बाजारातल्या माझ्या ओट्यावर बसलोय, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलाय, पुढ्यात ताटात काळे मणी आहेत, आणि कुणाची तरी पोत अर्धी गाठवून हात थांबलाय. समोरची बाई विचारते, काका, बरं नाही का? मी म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढलाय. तिला ते पटत नाही हे मला दिसतं.

लिहायची मला सवय नाही. पण तुझ्या कंपनीच्या गेटवरच्या फळ्यावर कुणीतरी तुझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख. ते वाचून मला रागच आला. सदा हसतमुख? गळ शेवाळात अडकला की तुझं तोंड कसं व्हायचं, ते त्या लिहिणाऱ्यानं पाहिलं नव्हतं. आणि मनमिळाऊ तर तू अजिबात नव्हतास. तुला माणसं मोजकीच लागायची आणि त्यांच्याशीही निम्मं बोलणं तू भुवयांनी उरकायचास. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शिवाय मला तुला एक विचारायचं होतं. आठ वर्षांपूर्वी धरणाच्या काठावर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. ते तुला ऐकू गेलं होतं का? तुझा डावा कान कंपनीतल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या दणदणाटानं केव्हाच खाल्लेला, आणि मी नेमका त्या बाजूला होतो. तेव्हा ऐकू गेलं नसणार, असं धरून मी आठ वर्षं काढली.

तू पहिल्यांदा आलास तो मंदावहिनींची पोत घेऊन. तुझी सुमी नुकती चालायला लागली होती, तिनंच ओढली म्हणालास. "पोत तुटलीय," असं तू म्हणालास आणि मी तुझ्यावर खेकसलो. सौभाग्याच्या वस्तूला तुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हे घराघरात पाळतात, पण आम्ही पोती गाठवणारे पटवेकरी त्याच्याही पुढचे. मणी ओवायला शिकवायच्या आधी माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं होतं, की या ओट्यावर तो शब्द जिभेवर आणायचा नाही. आमच्याकडे दोरा वाढतो, चपलेचा अंगठा वाढतो, पतंगाचा मांजासुद्धा वाढतो. तू खाली मान घालून सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "बरं, वाढली. पण मला आनखी एक पायजे. तुमच्याकडचे टाकायचे मणी."

कशाला, म्हणून विचारलं तर तू खिशातून एक रबरी गांडूळ काढलंस. जांभळं, मऊ, हातात धरलं की वळवळल्यासारखं व्हायचं. सोनाराच्या दुकानातून बाहेर पडणारी एक बाई ते बघून दोन पायऱ्या मागे गेली. मग तू माझ्या ओट्यावर बसून सगळी हकीकत सांगितलीस. तुमच्या कंपनीत नवीन प्रेस बसवायला एक अमेरिकन साहेब आला होता. सुट्टीच्या दिवशी त्याला गंगापूर धरणावर मासे धरायला जायचं असायचं आणि तुला पाण्याची माहिती, म्हणून तो तुला बरोबर न्यायचा. तुला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. तुमचं कसं जमलं, देव जाणे. जाताना तो त्याचा जुना रॉड, रीळ आणि ही गांडुळांची पाकिटं तुला देऊन गेला.

माझ्याच दोऱ्यावर तू मला ते सगळं मांडून दाखवलंस. आधी गोळीच्या आकाराचं, मधून भोक पाडलेलं शिसं ओवायचं, त्याच्याखाली एक काचेचा मणी, मग गळ. गळाचं टोक रबरी गांडुळाच्या अंगात लपवायचं, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही. रॉडला हळूच झटका दिला की शिसं मण्यावर आपटतं आणि टिक असा आवाज होतो. पुन्हा झटका, पुन्हा टिक. गढूळ पाण्यात मरळ माशाला दिसत नाही, पण मरळ या आवाजावर येते. साहेबाचे मणी फुटून संपले होते. प्लास्टिकचे लावून बघितले, ते वाजत नव्हते. मी म्हटलं, माशाला कान कुठे असतात? तू म्हणालास, असतील आतून. तिथून भांडण सुरू झालं.

टाकायचे मणी माझ्याकडे होते, पण ते असे कुणाला देत नाहीत. दिवसभरात सांडलेले, फुटके, वाकड्या भोकाचे काळे मणी आम्ही केरात जाऊ देत नाही. पायदळी येऊ नयेत म्हणून पुडीत बांधतो आणि अमावस्येला गोदावरीत, आपल्या गंगेत, सोडतो. हे मी तुला ठसक्यात सांगितलं. "धरणात बी तीच गंगा हाय," तू म्हणालास. "तुम्ही खाली सोडता, मी वर सोडतो."

माझ्या वडिलांनी असलं तर्कशास्त्र ऐकलं असतं तर तुला ओट्यावरून हाकललं असतं. ते तेव्हा घरी खाटेवर होते. मी पुडी दिली. आणि तू वहिनींची पोत न घेताच निघालास, अर्ध्या वाटेतून परत आलास. तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस कामाचा नाही.

मला मासा चालत नाही, हे तुला माहीत होतं. लहानपणी घशात काटा अडकला तेव्हापासून मी मासा बघितला तरी पाणी पितो. तरी तू मला धरणावर न्यायचासच. तुझ्या लूनावर मागे बसून, मांडीवर भाकरीचं फडकं आणि हातात तो रॉड उभा धरून मी जायचो, आणि गिरणाऱ्याच्या रस्त्यावर ओळखीचं कुणी भेटलं की तोंड लपवायचो. सराफ बाजारातला पटवेकरी मासे धरायला निघालाय, ही बातमी पंचवटीत पोचायला वेळ लागला नसता. पोचलीच शेवटी. माझ्या बायकोनं तुला एकदा विचारलं, भाऊजी, यांना कशाला नेता, हे तर मासा खात नाहीत. तू म्हणालास, खात नाय म्हणूनच नेतो, वाटेकरी नको.

साहेबाची गांडुळं संपली तेव्हा तू रामकुंडाजवळच्या खेळण्यांच्या गाडीवरून रबरी पाली आणल्यास. पोरं एकमेकांना घाबरवायला घेतात त्या. त्यांच्या शेपट्या कापून गळाला लावल्यास, आणि बिनशेपटीच्या पाली घरात तशाच पडून राहिल्या. वहिनींनी पिठाच्या डब्यावर एक बघितली आणि डबा सांडला, तेव्हा दोन दिवस तुला जेवण माझ्या घरी. पण त्या शेपटीनं मरळ यायची. मी डोळ्यांनी बघितलंय. लव्हाळ्याच्या कडेला शेपटी पडायची, तू दोनदा टिक टिक करायचास, आणि पाणी असं फुगून यायचं. मोठी मरळ तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, घेऊन बाभळीच्या बुडालेल्या खोडात शिरली की तू रिकामा रॉड वर करून हताश तोंडानं म्हणायचास, "रघू, वाढला." तंगूस तुटला असं तू माझ्यासमोर कधी म्हटलं नाहीस. आधी वाटायचं तू माझी चेष्टा करतोस. करतही होतास. पण तुझ्या शॉपमधल्या एकाचं बोट प्रेसखाली गेलं त्या दिवशी तू ओट्यावर येऊन बसलास आणि म्हणालास, "त्याचं बोट वाढलं रे." तेव्हा मला कळलं की तो शब्द तू खरंच घेतला होतास.

माझे वडील गेले तेव्हाचं सांगायचं राहिलंय. ते गेल्यावर माझे हात चालेनात. मणी सुईवरून घसरायचा, गाठ सैल पडायची. पटवेकऱ्याची गाठ सैल पडली म्हणजे झालंच. महिनाभर मी ओट्यावर नुसता बसून होतो. तू काही सांत्वन वगैरे केलं नाहीस. मला धरणावर नेलंस, रॉड माझ्या हातात दिलास आणि तंगूस माझ्या पहिल्या बोटावरून घेतलास. म्हणालास, डोळे मिट आणि हळू ओढ. मी ओढलं. लांब, पाण्याच्या तळाशी, शिसं मण्यावर आपटलं आणि ते मला बोटाच्या टोकाला कळलं. आवाज नाही, नुसती टिक. पुन्हा ओढलं, पुन्हा कळलं. किती वेळ मी तेच करत बसलो कोण जाणे. तू म्हणालास, "माशाला कान नाय, माझ्यासारखंच. पण आंग हाय. समदं आंगच कान हाय त्याचं."

मी तरीही म्हटलं की हा माशाचा पुरावा झाला नाही, हा माझ्या बोटाचा झाला. तू हसलास. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर एक पोत सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाठवली, आणि ती घट्ट होती. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मित्राचे आभार मानणं आपल्याकडे अपमान केल्यासारखं समजतात, आणि त्याचा मला फार फायदा झाला.

आणखी एक दिवस आठवतो. मुकण्याच्या धरणावर गेलो होतो, तुझ्या गावाकडे. पाण्यावर मरळीच्या तांबूस पिल्लांचा एक घोस हलत होता, उकळत्या डाळीसारखा. खाली आई होती. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं की आता त्या पिल्लांच्या पुढ्यात शेपटी टाकली तर ती चवताळून येणार आणि हमखास लागणार. सकाळपासून एक मासा मिळाला नव्हता. तू रॉड खाली ठेवलास. "लेकुरवाळी हाय," म्हणालास, आणि मला भाकरी सोडायला सांगितलीस. पलीकडच्या दोघांनी गळ टाकायची तयारी केली तेव्हा तू त्यांच्या अंगावर धावून गेलास, तू, जो कुणाशी बोलायचासही नाहीस. ते शिव्या देत गेले. मग पिल्लं लव्हाळ्यात शिरेपर्यंत तू तिथेच राखण करत बसलास.

आता ते वाक्य.

वहिनींची पोत मी दुसऱ्यांदा गाठवली तेव्हा त्यांना ती आखूड हवी होती. तीसेक मणी उरले. हे ओट्यावर सांडलेले मणी नव्हेत, बाईच्या स्वतःच्या पोतीतले. ते आम्ही हळदकुंकू लावून लाल कागदात बांधून त्या बाईलाच परत देतो, देवापाशी ठेवायला. त्यातून ते तुझ्या आईच्या वेळचे. जुनी काच, थोडे लांबट, भोकाशी निळसर झाक. तसे मणी आता बाजारात मिळत नाहीत. मी ती पुडी तुझ्याच हातात दिली, वहिनींना द्या म्हणून. तुला सगळ्या पुड्या सारख्याच. तू घरी जाऊन एक मणी शिशावर वाजवून बघितला असणार, आणि असा आवाज कधी ऐकला नव्हता म्हणून खूश झाला असणार.

पुढच्या सुट्टीला आपण धरणावर गेलो. एरवी तू माझ्या डाव्या हाताला बसायचास, म्हणजे तुझा चांगला कान माझ्याकडे. त्या दिवशी तिथे चिखल होता, म्हणून उजवीकडे बसलास. तू गळ तयार करत होतास आणि मी सहज बघितलं. शिशाच्या खाली दोन लांबट मणी. मी उचलून उजेडाला धरले. निळसर झाक. पटवेकऱ्याला त्यानं गाठवलेला मणी ओळखू येतो, जसा तुला प्रेसचा आवाज यायचा. मी विचारलं हे कुठले, तू म्हणालास, "मंदीचे. लय भारी वाजतात." आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळा बाजार जाणतो. तरी त्या दिवशी मी बोललो तसं कुणाला बोललो नव्हतो. म्हटलं, बायकोच्या गळ्यातले मणी गळाला लावतोस, मासे धरायला, लाज नाही वाटत? तू काहीतरी म्हणायला गेलास, धरणातली गंगा वगैरे. मी तुझ्याकडे वळलो आणि म्हणालो, "तुझ्या हातानंच तोडतोयस तू ते. तुटेल एक दिवस, बघ."

जो शब्द माझ्या वडिलांनी मला चप्पल आणि पतंगासाठीसुद्धा वापरू दिला नव्हता, तो मी तुझ्या संसाराला लावला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू माझ्याकडे बघितलंस, मग पाण्याकडे बघितलंस, आणि तंगूस कापून ते दोन मणी खिशात टाकलेस. नवा गळ बांधायला लागलास. येताना लूनावर भाताच्या भावाबद्दल बोललास. म्हणून मी धरलं की माझ्या ओरडण्यातला राग तेवढा तुला कळला, शब्द कळला नाही. डाव्या बाजूनं बोललेलं तुला कधी कळायचं? मला ते फार सोयीचं पडलं. ऐकू गेलंच नाही, तर माफी कशाची मागायची?

त्यानंतर तू काळे मणी घेणं बंद केलंस. मी पुडी पुढे केली तर म्हणालास, आता पितळेच्या चकत्या लावतो, शॉपमधल्या भंगारातल्या, भोक पाडलेल्या. पितळ काचेपेक्षा लांब जातं. झालं, माशांच्या कानांबरोबर आता हेही भांडण सुरू. काच की पितळ. मी काचेच्या बाजूनं, धंद्याचा अभिमान म्हणून. ओट्यावर वाटीत पाणी घेऊन दोन्ही वाजवून दाखवलं तुला. काच स्पष्ट वाजत होती, कुणालाही कळलं असतं. तू ऐकून घेतलंस, मान डोलावलीस आणि पितळच लावत राहिलास. तुला मासे कमी मिळायला लागले. हट्टी आहेस, म्हणून मी तुला आठ वर्षं टोमणे मारले.

आणि आठ वर्षं मी तुझ्याशी ते बोलेन बोलेन म्हणत होतो. तू आजारी पडलास, कावीळ झाली होती, तेव्हा मी रोज येऊन बसायचो आणि चहा पिऊन उठायचो. तुझी सुमी सातवी झाली तेव्हा पेढे देताना म्हणणार होतो. धरणावर तर दर वेळी. पाण्याकडे बघत तासन्‌तास बसायचं असतं, बोलायला त्याहून चांगली जागा कुठली? पण तूही आता माझ्या उजव्या हाताला बसायला लागला होतास, बहिरा कान माझ्याकडे करून. काही सांगायचं तर ओरडावं लागायचं. अशी गोष्ट ओरडून कशी सांगायची? मी चिडायचो. म्हणायचो, अरे या बाजूला ये, तिकडून तुला काही ऐकू येत नाही. तू हो म्हणायचास आणि तिथेच बसायचास.

मग ती सकाळ. पहिल्या पाळीला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकलास आणि उठला नाहीस. सुमी आमच्या गल्लीत पळत आली. मी पोचलो तेव्हा एका पायात बूट होता, दुसरा दाराशी. डॉक्टर येऊन गेले होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या गळ्यात मी गाठवलेली पोत. सगळे रडत होते, आणि मला रडू येत नव्हतं. माझ्या कानात माझंच वाक्य वाजत होतं. लोक म्हणाले, रघूला धक्का बसलाय. धक्का कसला, भास्कर. मी त्या पोतीकडे बघू शकत नव्हतो. शब्दानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. मी काही अगदीच अडाणी नाही. पण रोज पहाटे जाग येते तेव्हा कळत नाही.

परवा दुपारी वहिनी ओट्यावर आल्या. बरोबर सुमी नव्हती, एकट्याच. दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग रुमाल सोडून पोत माझ्या ताटात ठेवली. "वाट्या सुमीला ठेवायच्या," म्हणाल्या. "मणी सोडवून द्या, भाऊजी."

हे काम मी आयुष्यात किती बायांचं केलं असेल. त्यात बोलायचं नसतं. दोरा कापायचा, मणी एका पुडीत, सोन्याच्या वाट्या एका पुडीत, आणि मान वर न करता द्यायचं. मी कात्री घेतली आणि मला ते जमेना. सोन्याची वाटी बोटात धरून मी बसून राहिलो. शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं. धरणावरचं, लांबट मण्यांचं, आणि माझ्या तोंडून गेलेला तो शब्द, जसाच्या तसा. म्हटलं, त्याला ऐकू गेलं नव्हतं, पण मी बोललो होतो. सांगताना मी खाली ताटाकडे बघत होतो. बाजारात गर्दी होती, पलीकडचा सोनार बघत होता, त्याचंही मला काही वाटलं नाही.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक हाय ते. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी."

मी म्हटलं, कसं शक्य आहे, डाव्या बाजूनं त्याला ऐकू येत नव्हतं.

"ऐकू कुठं येतंय," त्या म्हणाल्या. "प्रेसवर समदे तोंड बघूनच ऐकतात. तुम्ही त्यांच्याकडं तोंड करून बोलला आसाल."

मी तुझ्याकडे वळून बोललो होतो. तो साहेब, ज्याची भाषा तुला येत नव्हती, त्याच्याशी तुझं कसं जमलं ते मला ओट्यावर बसल्या बसल्या परवा कळलं. तेरा वर्षं तुझ्याशी ओरडून बोललो मी, आणि मला हे माहीत नव्हतं.

वहिनींनी सांगितलं की त्या संध्याकाळी तू आल्या आल्या लाल कागदातली पुडी आणि खिशातले दोन मणी त्यांच्या हातात दिलेस, देवापाशी ठेव म्हणालास. आपली चूक झाली म्हणालास. काळ्या मण्याला पुन्हा हात लावायचा नाही, हे तेव्हाच ठरवलंस. त्या घाबरल्या होत्या, तर तू त्यांना म्हणालास की मला काही होत नाही, काळजी रघूची आहे, त्याच्या तोंडून तो शब्द गेला, आता तो झोपायचा नाही. आणि त्यांना बजावलंस की मी ऐकलंय हे त्याला कळू द्यायचं नाही.

पुढचं सांगावं की नाही, असा त्यांनी थोडा विचार केला असं मला वाटलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ते म्हणायचे, रघूला माझ्याशी काहीतरी बोलायचंय, पण त्याला जमत नाय. म्हणून मी मुद्दाम बहिरा कान त्याच्याकडं करून बसतो, पाण्याकडं बघत. मला ऐकू नाय आलं तरी चालंल. त्यानं एकदाचं बोलून टाकावं."

आठ वर्षं, भास्कर. दर सुट्टीला तू त्यासाठी तिथे येऊन बसलास, आणि मी तुला म्हणत राहिलो, अरे या बाजूला ये, तिकडून तुला काही ऐकू येत नाही.